ठकीचा लिटर बॉक्स: चौदा वर्षांच्या मांजरीसाठी केलेल्या कामाच्या नोंदी

ठकी तिरंगी आहे. वय अंदाजे १४, वजन ३.४ किलो, नसबंदी झालेली. २०११ च्या पावसाळ्यात सोसायटीच्या मीटररूममधून वर आली ती इथलीच झाली. घर डोंबिवलीत, दुसरा मजला, माणसं दोन: मी आणि बाबा. इतकी वर्षं तिच्या लिटर बॉक्सकडे, म्हणजे शू-शीच्या डब्याकडे, वेगळं लक्ष द्यावंच लागलं नव्हतं. एप्रिलपासून मात्र सगळी घडी विस्कटली आहे. म्हातारं मांजर असलेल्या कुणालाही उपयोग व्हावा म्हणून काय केलं, काय फसलं, किती पैसे गेले ते तारीखवार लिहिते आहे. औषधांचे डोस मुद्दाम लिहिणार नाही. ते डॉक्टरांनी ठकीच्या वजनावर आणि तपासण्यांवरून ठरवलेले असतील, तुमच्या मांजराला ते चालतीलच असं नाही.

१२ जून २०२५

आजची परिस्थिती. बाथरूमबाहेरचं पायपुसणं दर दोन-तीन दिवसांनी ओलं. देवघरासमोरची सतरंजीही एकदा धुवावी लागली. शी बॉक्सच्या तोंडाशीच, पण बाहेर. बॉक्स झाकणाचा आहे, पुढे झुलतं प्लॅस्टिकचं दार, आत जायला १८ सेंटिमीटरचा उंबरठा. ठेवलाय ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनला लागून. लिटर, म्हणजे बॉक्समध्ये पसरतात ती मातीसारखी भर, लव्हेंडरच्या वासाचं.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "रुसली असेल गं. तू हल्ली किती उशिरा येतेस." काकूंचा ठकीवर जीव आहे, पण हे मला पटत नाही. मांजर सूड उगवायला सतरंजीवर बसत नाही. दुखत असतं, बॉक्स घाण वाटत असतो, कशाची तरी भीती असते नाहीतर तिथवर पोचणं जड जात असतं. वय झालेल्या मांजरात आधी शरीर तपासायचं, स्वभाव नंतर. रागावणं, नाक धरून घासणं घरात बंद. त्याने मांजर फक्त आपल्यापासून लपून शू करायला शिकतं, आणि मग कपाटामागचा डाग महिनाभर सापडत नाही.

आज बॉक्स, लिटर, जागा काहीही बदललं नाही. फक्त नोंद सुरू केली. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाचे खाडे मांडतो त्याच चौकटीत. शूसाठी निळं पेन, शीसाठी हिरवं. बॉक्समध्ये झाली तर ठिपका, बाहेर झाली तर फुली, शेजारी साधारण वेळ. दुपारचं खातं बाबांकडे, ते दिवसभर घरी असतात.

१८ जून

या नोंदीने एक गोष्ट लख्ख दाखवली. निळ्या फुल्या आणि हिरव्या फुल्या एकमेकींशी जुळतच नाहीत.

शूच्या फुल्या रात्री उशिरा आणि पहाटे, आणि ज्या दिवशी बॉक्स साफ करायला उशीर झाला त्या दिवशी जास्त. जागा लांबची आणि मऊ: पायपुसणं, सतरंजी. शीच्या फुल्यांना वेळेचं बंधन नाही, पण जागा नेहमी एकच, बॉक्सपासून हातभर अंतरावर. म्हणजे शीसाठी तिला बॉक्सपाशीच जायचं असतं, फक्त आत जमत नाही. शूसाठी मात्र ती बॉक्स टाळते आहे. दोन वेगळी दुखणी आहेत. मी "बाहेर केली" एवढंच लिहीत गेले असते तर सगळं अंदाधुंद वाटलं असतं. तुम्ही काहीच करणार नसाल तरी एवढं करा, शू आणि शी वेगवेगळी लिहा.

आणखी एक. लिटरमध्ये शूचा जो गोळा बनतो तो पूर्वी लिंबाएवढा असायचा, आता मोसंबीएवढा होतोय. संख्याही वाढली आहे. ती पाणी जास्त पिते आहे हे बाबांनीही सांगितलं.

२१ जून

डॉक्टरांकडे. कॅलेंडरचं पान फाडून सोबत नेलं होतं. त्यांनी ते नीट वाचलं आणि तपासण्या त्यावरून ठरवल्या.

घरी शूचा नमुना घ्यायचा प्रयत्न आदल्या दिवशी केला होता. रिकाम्या, गरम पाण्याने धुतलेल्या ट्रेमध्ये फिशटँकमधले स्वच्छ खडे पसरले (ते शोषून घेत नाहीत) आणि जमलेली शू सिरिंजने बाटलीत ओढली. डॉक्टर म्हणाले की लघवी किती दाट आहे हे बघायला हा नमुना चालतो, पण जंतुसंसर्ग तपासायच्या कल्चरला चालत नाही, कारण ट्रेमधले जंतू त्यात येतात. त्यासाठी सोनोग्राफीत बघत पोटातून सुईने नमुना घेतला. ठकी हलली नाही.

खर्च: तपासणी फी ५००, रक्त २,२००, एक्स-रे ९००, सोनोग्राफी १,८००, लघवीची साधी तपासणी ४००, कल्चर ९००. एकूण ६,७०० रुपये. हा आकडा मोठा आहे, पण यातला एकही रुपया वाया गेलेला नाही हे पुढच्या नोंदींत दिसेल.

बोका पाळणाऱ्यांसाठी इथेच लिहिते, कारण डॉक्टरांनी बजावून सांगितलं. बोका पुन्हा पुन्हा बॉक्समध्ये जाऊन कुंथतोय, ओरडतोय आणि शू थेंबभर किंवा अजिबात होत नाहीये, असं दिसलं तर ती सवयीची भानगड नाही. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. रात्री असेल तर रात्रीच घेऊन जा, सकाळची वाट पाहू नका.

२५ जून

अहवाल आले. क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा) २.४, म्हणजे वाढलेलं. लघवीची घनता १.०१४, निरोगी मांजराची १.०३५ च्या वर असते. साखर ठीक, थायरॉइड ठीक, कल्चरमध्ये जंतू नाहीत, रक्तदाब काठावर. म्हणजे किडनी पाणी धरून ठेवत नाहीये, म्हणून शू पातळ, भरपूर आणि वारंवार. डॉक्टरांच्या मते किडनीच्या आजाराचा दुसरा टप्पा, एकूण टप्पे चार. थोड्या महिन्यांनी पुन्हा मोजून पक्कं करायचं.

एक्स-रेमध्ये दोन गोष्टी. मागच्या दोन्ही खुब्यांना आणि कमरेच्या मणक्यांना संधिवात. आणि मोठ्या आतड्यात कडक शी साठलेली.

कॅलेंडरवरचे दोन रंग इथे येऊन उलगडले. शूचं प्रमाण इतकं वाढलंय की एकच बॉक्स संध्याकाळपर्यंत ओलाचिंब होतो आणि ती स्वच्छ, मऊ जागा शोधते. शीच्या वेळी तिला पाठ वाकवून मागच्या पायांवर भार द्यावा लागतो, आणि तिथेच दुखतं.

मोठ्या वयाच्या बहुतेक मांजरांत थोडाफार संधिवात निघतोच असं डॉक्टर म्हणाले. मांजर लंगडत नाही, ओरडत नाही, म्हणून कळत नाही. उडी मारणं कमी होतं, पाठीची लव चाटून साफ करणं कमी होतं. ठकीच्या पाठीवर केसांच्या गुठळ्या होत होत्या. मी त्या कंगव्याने सोडवत बसले होते.

२८ जून

दुपारी बाबांचा फोन. "अगं, मी आज शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. ती आत जातच नाही पूर्ण. पुढचे दोन पाय आत ठेवते, मागचे उंबरठ्याबाहेर. तिला वाटतं आपण आत आहोत."

"बाबा, व्हिडिओ काढता येईल का तुम्हाला?"

"काढलाय."

त्या व्हिडिओत सगळं आहे. ती पुढचे पाय आत टाकते, लिटर उकरते, मग मागचा उजवा पाय उचलून उंबरठ्यावर टेकवायला बघते, तो अर्ध्यात थांबतो, ती पाय परत खाली घेते आणि तशीच बसते. शी बाहेर पडते. मग ती आतलं लिटर पुढच्या पंजाने उकरून, न झालेल्या शीवर नीट माती घालते. आपलं काम तिने चोख केलेलं असतं.

झाकण आणि झुलतं दार आजच काढून टाकलं. उंबरठा तसाच आहे, त्याचं काम रविवारी.

२९ जून: घमेलं (फसलं)

हार्डवेअरच्या दुकानातून प्लॅस्टिकचं मोठं घमेलं आणलं, १६० रुपये. कड बुटकी, तोंड रुंद, स्वस्त. तरी जमलं नाही. घमेल्याचा तळ गोल असतो आणि वजन हलकं. ठकीने कडेवर पाय ठेवला की ते तिच्याकडे कलंडतं. एकदा कलंडलं आणि ती घाबरून पलंगाखाली गेली, संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. पाय दुखणाऱ्या मांजराला हलणारी कड अजिबात नको. घमेलं आता कुंड्यांच्या मातीसाठी.

६ जुलै: कापलेला डबा (जमला)

भांड्यांच्या दुकानात कपडे ठेवायचे प्लॅस्टिकचे खोके मिळतात, त्यातला ६० बाय ४० सेंटिमीटरचा, २५ सेंटिमीटर उंच, सपाट तळाचा. ६५० रुपये. बॉक्सची लांबी नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या मांजराच्या दीडपट हवी. ठकी ३८ सेंटिमीटर भरली, म्हणजे ५७. बाजारात लिटर बॉक्स म्हणून मिळणारे बरेच ट्रे याहून लहान असतात.

प्रवेश रुंद बाजूला कापला, अरुंद बाजूला नाही. आत शिरल्यावर तिला वळायला जागा राहते. रुंदी २५ सेंटिमीटर, खाली उरलेली कड ६ सेंटिमीटर. आधी मार्करने आखलं, कोपऱ्यांवर ड्रिलने भोकं पाडली आणि मग हॅक्सॉच्या नुसत्या पात्याने (४० रुपये, एका टोकाला चिंधी गुंडाळून) भोकापासून भोकापर्यंत कापलं. कोपऱ्यात भोक पाडणं टाळू नका, नाहीतर प्लॅस्टिक तिथून तडकत जातं. पातं गॅसवर तापवून कापायची युक्ती बऱ्याच ठिकाणी सांगतात. एका टाकाऊ झाकणावर करून बघितली: धूर भयंकर, आणि कापलेली कड वितळून दातेरी होते. थंड पातंच बरं, फक्त वेळ लागतो.

कापलेली कड पॉलिश पेपरने घासली. त्यावर बागेच्या पाण्याचा पारदर्शक पाइप, लांबीला चिरून, कडेवर घट्ट बसवला (६० रुपयांचा तुकडा, बराच उरला). आता कड गोल आणि मऊ आहे. पोट घासलं तरी बोचत नाही.

दुसरा डबा असाच केला. एका मांजराला दोन बॉक्स, म्हणजे मांजरांची संख्या अधिक एक, हा साधा नियम आहे आणि शू जास्त असेल तर तो पाळावाच लागतो. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून उपयोग नाही, मांजराच्या लेखी तो एकच बॉक्स होतो.

संध्याकाळी ती आत गेली. चारही पाय आत.

१३ जुलै: लिटर

आधी लव्हेंडर बंद. तो वास आपल्यासाठी असतो. मांजराचं नाक आपल्याहून कितीतरी तिखट आणि तिला त्यात डोकं घालून उकरायचं असतं.

नदीची वाळू: ठकी रस्त्यावर जन्मलेली, म्हणून वाळू आवडेल असं वाटलं. बांधकामावरून पोतं आणलं, चाळलं, दोनदा धुतलं. आवडली तिला, लगेच वापरली. पण वाळूचा गोळा बनत नाही, शू तळाला जाऊन साचते आणि पावसाळ्यात वाळू वाळतच नाही. तिच्या शूचं प्रमाण बघता रोज सगळी वाळू बदलावी लागली असती. बंद.

लाकडी भुशाच्या गोळ्या: वास चांगला दबतो, पण गोळ्या कडक. ती पंजा झटकत बाहेर आली आणि परत गेली नाही. तळवे म्हातारपणी हळवे होतात. बंद.

बारीक दाण्याचं, बिनवासाचं, गोळा बनणारं बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती): हेच चाललं. आपल्याकडचं बेंटोनाइट मुख्यतः कच्छमधून येतं. देशी पिशवी १० किलोला ७०० रुपयांना मिळते आणि बाहेरून आलेल्या महागड्या पिशवीपेक्षा मला त्यात काही उणं दिसलं नाही. थर प्रवेशाच्या कडेच्या खालीच राहील इतका ठेवते. खूप जाड थरात पाय रुततात आणि दुखऱ्या खुब्यांना तोल सांभाळावा लागतो. पावसाळ्यात पिशवी उघडी ठेवली तर माती हवेतलं पाणी ओढते आणि गोळे चिकट होतात, म्हणून पत्र्याच्या डब्यात, झाकण घट्ट. वापरलेलं लिटर कुणाच्याही सल्ल्यावरून संडासात ओतू नका. बेंटोनाइट पाण्यात फुगतं, पाइप तुंबतो. वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात.

२० जुलै: जागा

ड्राय बाल्कनीत जुलैत काय होतं हे मुंबईकडच्यांना सांगायला नको. झड आत येते, लादी ओली, मांजर दारातूनच परत फिरतं. वर मशीनचं स्पिन सुरू झालं की सगळा ओटा थरथरतो.

जागा एका रात्रीत बदलली नाही. आधी पॅसेजमध्ये, तिच्या झोपायच्या जागेपासून चार पावलांवर, पहिला नवा डबा ठेवला आणि बाल्कनीतला जुना ट्रे तिथेच राहू दिला. आठवडाभर तिने पॅसेजचाच वापरला, तेव्हा बाल्कनीतला उचलला. दुसरा डबा बाबांच्या खोलीत, कपाटाशेजारी. बाबा स्वतःहून म्हणाले, "माझ्या खोलीत ठेव. मी रात्री उठतोच, लगेच काढून टाकीन."

पॅसेजमध्ये झिरोचा बल्ब लावला. रात्रीच्या फुल्या त्याच आठवड्यात निम्म्यावर आल्या. म्हाताऱ्या मांजरांची नजर मंदावते, रक्तदाब वाढला तर आणखी. पॅसेजच्या गुळगुळीत फरशीवर तिचे मागचे पाय फाकतात, म्हणून बिछान्यापासून डब्यापर्यंत रबरी जाळीच्या मॅटची वाट केली. कापडी मॅट नको, त्यावर ती शू करते. घरातली सगळी पायपुसणी सध्या कपाटात आहेत.

२७ जुलै: सफाई

या कामात सगळ्यात जास्त वेळ गेला.

फिनेल पहिल्यांदा बंद. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी वीस वर्षं फिनेल घालून लादी पुसतात. त्यांना सांगितलं, "मावशी, बादलीत फिनेल नका घालू. ठकी लादीवर चालते आणि मग पाय चाटते. मांजराच्या यकृताला ते पचवताच येत नाही." मावशी म्हणाल्या, "मग आधी सांगायचं नाही का ताई. मुकं जनावर ते." फिनॉलच्या जातीची बाकी जंतुनाशकंही त्याच कारणाने बाहेर. अमोनियावाली क्लीनर नकोत, त्यांचा वास मांजराला शूसारखाच येतो आणि ती तिथेच परत बसते. ब्लीच शूवर थेट ओतू नका, शूमधल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो.

मग डाग शोधणं. ३५० रुपयांचा यूव्ही टॉर्च, रात्री सगळे दिवे बंद करून. शूचे डाग फिकट पिवळसर-हिरवे चमकतात. कपड्यांच्या पावडरचे थेंबही चमकतात, त्यामुळे मशीनचा कोपरा बघून उगाच घाबरायला झालं. तिथे नाकाने खात्री करा. खरा डाग निघाला तो बाथरूमच्या कडाप्प्याच्या उंबरठ्यात आणि त्याला लागून असलेल्या फटीत.

व्हिनेगरने वास जातो असं सगळीकडे वाचायला मिळतं. कडाप्प्यावर व्हिनेगर पंधरा मिनिटं राहू दिलं आणि पुसलं तर काळ्या दगडावर पांढुरका, खरबरीत पट्टा. कडाप्पा चुनखडीच्या जातीचा दगड, आम्ल त्याला खातं. शहाबादी आणि संगमरवरालाही हेच होईल. पट्टा अजून तसाच आहे आणि खरबरीत जागेत शू आणखी मुरते. आपल्या जुन्या घरांत जिथे तिथे कडाप्पा आणि शहाबादी आहे, म्हणून हे ठळकपणे लिहिते: दगडावर व्हिनेगर नाही, लिंबू नाही, संडास साफ करायचं ॲसिड तर नाहीच.

चाललं ते असं. ताजी शू आधी कागदाने दाबून टिपायची, चोळायची नाही. साध्या पाण्याने पुसायची. आधीचं कुठलंही क्लीनर तिथे असेल तर तेही धुऊन काढायचं, नाहीतर पुढच्या द्रवातली एन्झाइम्स (शूचे घटक तोडणारे पदार्थ) काम करत नाहीत. मग एन्झाइम क्लीनर (लिटरला ५५० रुपये) भरपूर ओतायचं, डाग जेवढा खोल तेवढं खोल जायला हवं. वर ओलं फडकं झाकून रात्रभर. वरवर फवारून पुसलं तर पैसे फुकट.

फटींना याने फरक पडला नाही. व्हाइट सिमेंट वर्षानुवर्षं शू पिऊन बसलेलं. शेवटी गवंड्याला बोलावून बाथरूमसमोरच्या फटी खरवडून इपॉक्सी भरून घेतली. मजुरी ८००, इपॉक्सी ५५०. काम चालू असताना आणि पुढची रात्रभर ठकी बाबांच्या खोलीत, दार बंद. त्यानंतर त्या जागेवर एकही फुली नाही.

९ ऑगस्ट: शी

उंबरठा गेला, डबा मोठा झाला, तरी हिरव्या फुल्या पूर्ण थांबल्या नव्हत्या. आत बसते, कुंथते, उठून चालायला लागते आणि शी पॅसेजमध्ये पडते. सुकी, खड्यासारखी. आता डब्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं, बद्धकोष्ठावरच काम करायला हवं होतं.

किडनीमुळे शरीरातलं पाणी जातं, मग आतडं शीमधलं पाणी ओढून घेतं. डॉक्टरांनी लॅक्टुलोज हे शी मऊ करणारं औषध दिलं. गोड, चिकट, तिला चव मुळीच आवडत नाही. सिरिंज गालाच्या बाजूने आणि थोडं-थोडं. पहिल्या दिवसांत शी पातळ झाली, फोन करून प्रमाण कमी करून घेतलं.

दुखण्यासाठी गॅबापेंटिन, किडनीमुळे बेताने. पहिले काही दिवस ती डुलत चालायची आणि फुल्या उलट वाढल्या. डॉक्टरांनी डोस उतरवला, मग ठीक. कालनिर्णयवर औषधाचा बदलही लिहिते, नाहीतर वाढलेल्या फुल्यांचा दोष डब्याला गेला असता. आपल्या घरातली दुखण्याची गोळी मांजराला कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

खाणं: बाबा तिला दुपारी सुका बोंबील द्यायचे, दोघांचाही आवडता कार्यक्रम. तो बंद करायला सांगणं मला जड गेलं. बाबांनी एवढंच विचारलं, "ताजा चालेल ना?" आता ताजा मासा, काटे काढून, मीठ-हळद न घालता उकडलेला, त्याच्या पाण्यासकट. कांदा-लसूण असलेलं काहीही नाही. शिवाय किडनीच्या आजारासाठीचं ओलं खाणं हळूहळू मिसळत नेलं. पाण्याची वाडगी घरात जागोजागी, खाण्याच्या ताटलीपासून लांब.

२९ ऑगस्ट

घरचा दीड दिवसाचा गणपती काल गेला. पाहुणे येणार म्हणून ठकीला बाबांच्या खोलीत ठेवलं: डबा, पाणी, बिछाना, दारावर चिठ्ठी. झांजांच्या आवाजात ती कपाटावर चढायला गेली आणि चढू शकली नाही. तिथे उशी टाकायला हवी होती, ती आता टाकली आहे. फुली एकही नाही.

एका पाहुण्यांनी आणलेल्या बुकेत लिली होती. ती लगेच घराबाहेर काढली. लिलीचे परागसुद्धा मांजराच्या किडनीला घातक असतात. ठकीची किडनी आधीच कमजोर.

२३ ऑक्टोबर

फटाक्यांचे दिवस. निळ्या फुल्या परत आल्या, सोफ्याच्या मागे, लक्ष्मीपूजनाच्या रात्री. डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवलं होतं. खिडक्या बंद, पंखा जोरात, आणि तिसरा डबा तात्पुरता सोफ्याजवळच, ती लपते तिथे. घाबरलेलं मांजर पॅसेजपर्यंत येणार नाही, डबाच तिच्याकडे न्यावा लागतो. आज फुली नाही. तिसरा डबा तुळशीच्या लग्नापर्यंत राहील.

१६ नोव्हेंबर

पुन्हा तपासणी. क्रिएटिनिन २.३, वजन ३.५ किलो. दुसरा टप्पा पक्का, पण आहे तिथेच आहे. रक्त आणि लघवी मिळून २,६०० रुपये.

महिन्याचा चालू खर्च आता असा: लिटर साधारण १५ किलो, १,०५०, औषधं ९०० च्या आसपास, ओलं खाणं सगळ्यात महाग, २,४००. डबे सकाळी, संध्याकाळी आणि रात्री बाबा उठतात तेव्हा साफ होतात. गरम पाणी आणि साध्या साबणाने दर रविवारी धुतले जातात.

या महिन्यात बाहेर शी नाही. शू मात्र नव्या तऱ्हेने बाहेर येते आहे, डब्यात उभी राहूनच. ती आत जाते, जागेवर जाते, पण खुबे पूर्वीइतके वाकत नाहीत, त्यामुळे धार मागच्या भिंतीवरून बाहेर उडते. २५ सेंटिमीटरची भिंत आता पुरत नाही. सनबोर्ड (फोमचा जाड पुठ्ठा) लावून बघितला, दोन दिवसांत कडेच्या फोममध्ये शू मुरली. फेकला. काल पीव्हीसीची ३ मिलिमीटर जाडीची शीट कापून आणली (२८० रुपये), तीन बाजूंनी, तळापासून ४० सेंटिमीटर उंच, डब्याच्या आतून लावली. आतूनच लावायची, म्हणजे उडालेली शू घरंगळत लिटरमध्ये येते. बाहेरून लावली तर दोन थरांच्या फटीत जाते. नट-बोल्टची डोकी आतल्या बाजूला सपाट, सगळ्या सांध्यांवर सिलिकॉन. सिलिकॉनचा वास जाऊन ते पक्कं वाळायला पूर्ण दिवस लागतो, म्हणून एकाच वेळी दोन्ही डबे घेऊ नका. पॅसेजचा आज वापरात आला. बाबांच्या खोलीतला पुढच्या रविवारी करायचा आहे, शीट कापून ठेवली आहे.